दुबार पेरणीचे बियाणे

वाशीमचा आणि समुद्राचा संबंध काय, हा प्रश्न आम्हा दोघांना आजवर अनेकांनी विचारला आहे. प्रश्न रास्तच आहे. आमच्या गावापासून मुंबईचा समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक दूर. येथे पाणी म्हणजे एकबुर्जीचा तलाव, पैनगंगेचा पूर, आणि पाऊस रुसला की टँकर. नांगर म्हटला की येथे शेत डोळ्यांपुढे उभे राहते. जहाज थांबवणाऱ्या लोखंडालाही नांगरच म्हणतात, हे येथल्या मुलांना आम्ही वर्गात सांगत असू तेव्हा ती हसत.

आम्ही मूळचे वसईचे. शिक्षकी पेशा पत्करून वाशीमला आलो, तेव्हा ते अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा झाला आणि तोवर आम्हीही येथलेच होऊन गेलो होतो. आमच्यापैकी एकाने विज्ञान शिकवले, एकीने मराठी. थोरली लेक नागपूरला सासरी आहे. धाकट्याने मात्र आजोळचा वारसा घेतला. आमच्या वसईच्या नात्यागोत्यात बोटीवर जाणारे पुष्कळ. हाही गेला, आणि आज एका मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर आहे.

तसे पाहिले तर वाशीमकरांचाही समुद्राशी रोजचा संबंध आहे, तो दिसत नाही एवढेच. पोटॅश खताचे उत्पादन आपल्या देशात जवळजवळ नाही. ते परदेशातून जहाजाने येते. कृषी केंद्रातून शेतकरी पोटॅशचे जे पोते खांद्यावर टाकून नेतो, ते कुठल्या तरी जहाजाच्या पोटातून बंदरावर उतरलेले असते. बाजार समितीत सोयाबीनचा भाव चढतो वा पडतो, त्यामागे अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून समुद्रमार्गे येणाऱ्या सोयातेलाचाही हात असतो. हे सारे आम्हाला ठाऊक होते; पण ठाऊक असणे वेगळे आणि जिवाला लागणे वेगळे. ते जिवाला लागले २०२३ च्या जुलै महिन्यात.

त्या वर्षी जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय नावाचे चक्रीवादळ उठले आणि १५ जूनला गुजरातेत जखाऊजवळ जमिनीवर आदळले. पाऊस आपल्याकडे उशिरा पोहोचला. आमच्या भागातल्या बऱ्याच पेरण्या जूनच्या अखेरीस आणि जुलैच्या आरंभी उरकल्या. धाकट्याचे जहाज तेव्हा कांडला बंदरात खत उतरवीत होते. ते रिकामे होऊन पोटॅश भरण्यासाठी जॉर्डन देशातील अकाबा बंदराकडे निघाले. शनिवारी, ८ जुलैच्या संध्याकाळी त्याचा निरोप आला: ‘हवा खराब आहे. दोन-तीन दिवस बोलणे होणार नाही. काळजी करू नका.’

काळजी करू नका असे ज्याला लिहावे लागते, त्याच्या आईवडिलांनी काय करावे? दुसऱ्या दिवशी रविवार होता. जुलैचा दुसरा रविवार ख्रिस्तसभेत दर्यावर्दींसाठी प्रार्थनेचा असतो. आमचा धर्मग्राम लहान. शेतकरी, मजूर, परिचारिका आणि शिक्षक यांचा. मिस्सामध्ये फादरांनी पेरणी साधू दे म्हणून पावसासाठी प्रार्थना सांगितली. साऱ्यांनी ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ म्हटले. आम्हीही म्हटले. परंतु मनातून आम्ही नेमकी उलट विनवणी करीत होतो, की समुद्रावरचा वारा जरा थांबव. जो वारा वाशीमच्या शेतांवर ढग आणतो, तोच वारा आमच्या मुलाच्या जहाजाला धडका देत होता. देवाजवळ एकाच श्वासात दोन विरुद्ध मागण्या केल्याची लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

बुधवारी निरोप आला. ‘आम्ही ठीक आहोत. आत्ताच जेवलो.’ खरी हकीकत तो ऑक्टोबरमध्ये रजेवर आला तेव्हा कळली, आणि तीही एकदम नव्हे. रात्री जेवणे आटोपल्यावर, आईने चौथ्यांदा विचारल्यावर.

“आई, फार काही झाले नाही,” त्याने सुरुवात केली. “नुसते जागच्या जागी होतो.”

“जागच्या जागी म्हणजे?”

“म्हणजे इंजिन चालू, पंखा फिरतोय आणि जहाज पुढे जात नाही.”

त्याने कागद घेऊन आम्हाला चित्र काढून दाखवले. कच्छच्या आखातातून बाहेर पडले की डाव्या हाताला ओखा, द्वारका, पुढे पोरबंदरचा किनारा. पावसाळी वारा नैऋत्येचा, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे. वादळात जहाजाला समुद्राची भीती नसते, जमिनीची असते. मोकळ्या समुद्रात वाहून गेले तरी आदळायला काही नसते; पण वारा जमिनीकडे ढकलत असेल, तर ताकदीने दूर राहणे एवढाच उपाय उरतो. त्याचे जहाज सुमारे १९० मीटर लांब. रिकामे असल्यामुळे पाण्यावर उंच उभे, आणि ती उंच भिंत वाऱ्याने शिडासारखी धरलेली. पोटातल्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून ते जड केले होते. शिवाय कप्तानाने बंदर सोडतानाच मधला एक मालाचा कप्पाही पाण्याने काठोकाठ भरून घेतला होता. तरीही लाट मोठी आली की मागचा भाग वर उचलला जाई, पंखा अर्धा पाण्याबाहेर येई आणि इंजिन भडकल्यासारखे पळू लागे. पुन्हा पाण्यात गेला की सारे जहाज थरथरे. वेग ताशी दीड सागरी मैल उरला होता. किनारा पुष्कळ लांब होता, परंतु दर तासाला थोडा जवळ येत होता.

“मग इंजिन जोरात चालवायचे,” आमच्यातल्या मराठीच्या शिक्षिका म्हणाल्या.

“त्यालाच कुलूप होते,” तो म्हणाला.

हे कुलूप काय, ते समजून घ्यायला आम्हाला तो अख्खा महिना लागला. प्रथम आला तो संतापच. लंडनमध्ये थेम्स नदीकाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे कार्यालय आहे; संयुक्त राष्ट्रांची ही संस्था जगातल्या जहाजांचे नियम ठरवते. तेथे बसलेल्यांनी आमच्या मुलाच्या इंजिनाला कुलूप घालावे आणि त्याने पावसाळ्यात अरबी समुद्रात उतरावे, हा कुठला न्याय? पण मुलाने शांतपणे वही उघडली आणि विज्ञान शिकवलेल्या बापालाच विज्ञान शिकवले.

जहाज जसजसे वेगाने जाऊ लागते, तसतशी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दहा टक्के कमी केला, तर ताकद सुमारे सत्तावीस टक्के कमी पुरते. तेल वाचवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. जगातल्या मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे तीन टक्के वायू जहाजांतून निघतात, असे या संघटनेच्या २०२० च्या अहवालात म्हटले आहे. ते कमी करण्यासाठी जुलै २०११ मध्ये नव्या जहाजांच्या रचनेसाठी ऊर्जा-कार्यक्षमतेचे माप ठरले आणि १ जानेवारी २०१३ पासून ते लागू झाले. दर टप्प्याला माप अधिक कडक; पहिली सूट दहा टक्क्यांची, मग वीस, मग तीस. माप गाठण्याचे मार्ग अनेक: जहाजाचा आकार सुधारा, पंखा सुधारा, तळ गुळगुळीत ठेवा. पण सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे इंजिनच लहान बसवा.

येथेच धोका होता, आणि तो वेळीच ओळखला गेला, हे नमूद केले पाहिजे. लहान इंजिनाचे जहाज स्वच्छ हवेत छान चालेल, पण वादळात काय करील? म्हणून २०१३ मध्येच मोठ्या मालवाहू आणि तेलवाहू जहाजांसाठी किमान ताकदीची तात्पुरती मार्गदर्शक तत्त्वे आली. २०२१ मध्ये ती सुधारण्यात आली. त्यांचा सारांश असा: दोनशे मीटरपेक्षा लहान जहाजाने साडेचार मीटर उंचीच्या लाटा आणि सेकंदाला एकोणीस मीटर वेगाचा वारा समोरून येत असतानाही ताशी दोन सागरी मैल तरी पुढे सरकता आले पाहिजे. दोन सागरी मैल म्हणजे पावणेचार किलोमीटर. आमच्या शेतरस्त्यावरच्या बैलगाडीचा वेग! एवढाच मागितला आहे. पण तो नसेल तर जहाज लाटेसमोर तोंड धरू शकत नाही, आडवे होते, आणि आडवे झालेले जहाज आपले राहत नाही.

हे झाले नव्या जहाजांचे. १ जानेवारी २०२३ पासून पाण्यावर असलेल्या जुन्या जहाजांनाही तसेच माप लागू झाले. जुने इंजिन बदलणे परवडत नाही. म्हणून बहुतेकांनी इंजिनाच्या ताकदीवर मर्यादा घातली. कुठे ती लोखंडी अडसराने आणि मोहोर लावून, कुठे संगणकात सांकेतिक शब्द टाकून. हेच ते कुलूप. आमच्या मुलाच्या जहाजाला ते त्याच वर्षीच्या वसंतात लागले होते.

परंतु नियम करणाऱ्यांनी कुलपाची किल्ली समुद्रात फेकून दिलेली नाही. जहाजाची सुरक्षितता धोक्यात असेल किंवा कोणाचा जीव वाचवायचा असेल, तर मर्यादा उठवून राखून ठेवलेली ताकद वापरण्याची मुभा नियमातच आहे. ती वापरली तर कप्तानाने कारणासह नोंद करायची, सही करायची, आणि जहाजाची नोंदणी करणाऱ्या देशाला व पुढच्या बंदराला विनाविलंब कळवायचे. एवढेच.

“मग तुमच्या कप्तानांनी लगेच का नाही उघडले?” आम्ही विचारले.

धाकटा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, नोंद करायची म्हटली की माणूस कचरतो. तुम्ही शाळेत होतात, तुम्हाला ठाऊक आहे.”

ठाऊक होते. कप्तानाने प्रथम मालकांच्या कचेरीला विचारले. ‘खरोखरच आवश्यक आहे काय, याचा विचार व्हावा’ असे उत्तर काही तासांनी आले. नाही म्हटले नव्हते. हो देखील म्हटले नव्हते. सरकारी व खाजगी कचेऱ्यांतून असे उत्तर कसे लिहिले जाते, ते ज्याने आयुष्यभर कागद वर पाठवले त्याला सांगावे लागत नाही. पहाटे तीन वाजता कप्तानाने चीफ इंजिनियरला बोलावले आणि मोहोर तोडायला सांगितली. आमचा मुलगा तेव्हा इंजिनाशी उभा होता. सहा तास ती ताकद वापरली. वेग दीड मैलाचा तीन मैल झाला, जहाजाने लाटेकडे तोंड सरळ धरले आणि किनारा मागे पडू लागला. नोंद झाली, सही झाली. पुढे कचेरीने खुलासा मागवला, तो दिला. गोष्ट तेथेच संपली.

सहा तासांची गोष्ट. पण ती झाली नसती तर काय, हे आपल्या किनाऱ्याला वेगळे सांगायला नको. आमच्या लहानपणी घरातली वडीलधारी माणसे रामदास बोटीचे नाव हलक्या आवाजात घेत. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट लाटेच्या तडाख्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. २०११ च्या पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर दोन जहाजे येऊन बसली: जूनमध्ये ओढून नेताना सुटलेले ‘विज्डम’, आणि जुलैअखेर खलाशांनी दूर ओमानकडे सोडून दिलेले, महिनाभर वाहत आलेले ‘पवित’. अरबी समुद्रात पावसाळ्यात जे काही ताकदीविना असते, ते शेवटी आपल्या दाराशी येते, हा त्याचा अर्थ. आणि १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती आणि त्याला स्वतःचे इंजिनच नव्हते. नांगर तुटले तेव्हा हातात काही उरले नाही. नौदलाने १८६ जणांना वाचवले; सत्तरहून अधिक घरांत दिवा विझला.

तरीही ‘ताकद जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त’ असा समज कोणी करून घेऊ नये. तोही मुलानेच मोडून काढला. वादळ मागून येत असेल तर वेग वाढवणे हाच धोका. लाटेच्या उतारावर जहाज तिच्याबरोबर घसरू लागते, सुकाणू काम देत नाही आणि जहाज गर्रकन आडवे वळते. उतारावर शहाणा गाडीवान बैलांना मोकळे सोडत नाही, कासरा ओढून धरतो. कप्तानानेही तेथे वेग कमीच करायचा असतो. कधी लाटांचा ताल आणि जहाजाच्या डोलण्याचा ताल असा जुळतो, की समोरून येणाऱ्या लाटांतही जहाज दोन्ही अंगांना भयंकर कलते. १९९८ च्या ऑक्टोबरात उत्तर पॅसिफिक महासागरात ‘एपीएल चायना’ या जहाजावर असेच घडले आणि शेकडो कंटेनर पाण्यात गेले. तेथे उपाय वेग आणि दिशा बदलून तो ताल मोडणे हा आहे. आणि काही वेळा सर्वांत मोठे शहाणपण वेळेवर निघून जाण्यात असते. ८ जून २००७ रोजी ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल बंदराबाहेर कोळशासाठी थांबलेले ‘पाशा बल्कर’ हे रिकामे जहाज वादळापूर्वी समुद्रात दूर गेले नाही, पाणी भरून पुरेसे जड झाले नाही, आणि किनाऱ्यावर चढले. त्याला ना कोणत्या नियमाने अडवले होते, ना कुलपाने. तेव्हा जहाज वाचते ते अगोदर केलेल्या तयारीने, वेळीच घेतलेल्या निर्णयाने, आणि हाताशी राखलेल्या थोड्या ताकदीने.

या ‘राखलेल्या’वरून आम्हाला वाशीमची आठवण झाली. आमचे चार एकर शेत आम्ही एका शेजाऱ्याला बटाईने दिले आहे. पहिला पाऊस पडला की तो घरातले सारे बियाणे कधी पेरत नाही. दोन पोती माळ्यावर बाजूला ठेवतो. पाऊस दडी मारून बसला, उगवण गेली, तर दुबार पेरणी करता यावी म्हणून. बहुतेक वर्षी ती पोती लागत नाहीत. शेजारीपाजारी म्हणतात, विकून टाक, भाव चांगला आहे. तो हसतो आणि ठेवतो. जहाजाच्या इंजिनातली राखीव ताकद म्हणजे हीच दोन पोती. ती रोज वापरणे उधळेपणा. ती ठेवूच नये म्हणणे वेडेपणा. आणि ती ठेवूनही वेळ आल्यावर माळ्यावर चढायला कोणाची परवानगी मागत बसावे लागणे, हा सर्वांत मोठा घात.

म्हणून आमचा राग आता नियमावर उरलेला नाही. उलट त्या नियमाची गरज आम्हीच शेतात उभे राहून पाहिली. त्याच २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलावर असताना आकाश कोरडे राहिले. शेंगा धरल्या त्या पोचट. त्या वर्षी एल निनोही होता, आणि एका महिन्याचे खापर जहाजांच्या धुरावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही, हे विज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगणे कर्तव्य आहे. परंतु पृथ्वी तापत चालली तसे पावसाचे वेळापत्रक बिघडते, कधी एका दिवसात महिन्याचा पडतो आणि कधी महिनाभर पडत नाही, हे आता शेतकऱ्यालाही शिकवावे लागत नाही. ज्या आठवड्यात आमचा मुलगा द्वारकेसमोर जागच्या जागी होता, त्याच आठवड्यात, ७ जुलै २०२३ रोजी, लंडनमध्ये जगातल्या राष्ट्रांनी जहाजांचे निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर आणण्याचे ध्येय स्वीकारले. बटाईदाराच्या शेतासाठी तो निर्णय चांगला होता. आमच्या मुलासाठीही चांगला ठरू शकतो. मात्र कुलपाबरोबर किल्लीचाही मान राखला गेला पाहिजे.

त्या किल्लीचे रक्षण करणारा कायदाही आहे. समुद्रावरील जीवितसुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे, की माणसांच्या सुरक्षिततेसाठी कप्तानाला जो निर्णय आवश्यक वाटेल, तो घेण्यापासून मालकाने वा भाडेकऱ्याने त्याला रोखता कामा नये. कायदा स्पष्ट आहे. धूसर असते ते कचेरीतले उत्तर. आपल्या धर्मग्रामांतून कितीतरी मुले बोटीवर आहेत. काही मुले, मुलीही, उद्या किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांत बसतील आणि पहाटे तीन वाजता एखाद्या कप्तानाचा प्रश्न त्यांच्यापुढे येईल. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: ‘विचार व्हावा’ असे लिहू नका. ‘आपला निर्णय आम्हाला मान्य’ असे लिहा. त्या चार शब्दांनी कोणाचे तरी घर उभे राहते.

धाकटा पुन्हा जहाजावर गेला. निघताना आईने विचारले, “आता कुलूप उघडायला घाबरणार नाही ना कोणी?” तो म्हणाला, “आई, ते कप्तान अजून त्याच जहाजावर आहेत.” आम्हाला तेवढे पुरले.

जुलैचा दुसरा रविवार पुन्हा आला, तेव्हा पावसासाठीची प्रार्थना आम्ही पूर्ण मनाने म्हटली. दोन विनवण्या आता एकमेकींच्या आड आल्या नाहीत. पाऊस पडो, वारा वाहो. आणि जो त्या वाऱ्यात उभा आहे, त्याच्या माळ्यावर दोन पोती असोत, व ती उतरवायची मोकळीक त्याला असो.